आत्याचा टाका, मशीनचा टाका

३ मार्च, सोमवार

आठ थर! आज तिसरं दुकान आणि तिसऱ्यांदा तेच. मशीन विकणाऱ्या प्रत्येकाला ही एकच जादू येते — जाड चामड्याचे आठ तुकडे एकावर एक ठेवायचे, खाडखाड शिवायचे आणि आपल्याकडे असं बघायचं की जणू डोंगर फोडला. "बघा मॅडम, लोण्यासारखं जातं." अहो, मला घोड्याचं खोगीर नाही शिवायचं. घड्याळाचे पट्टे शिवायचेत, पाकिटं शिवायचीत. शेळीचं मऊ चामडं, जाड कागदासारखं.

मी पर्समधून आमचा तुकडा काढून दिला. शिवला त्याने. वरून टाका छान. उलटून बघितला तर मागे चामडं पुढे ओढणाऱ्या दात्यांचे ओरखडे, उंदराने कुरतडल्यासारखे.

"मागून कोण बघतंय, मॅडम?"

माझी आत्या बघते. तीच तर भानगड आहे.

४ मार्च

आज रागात आहे, लिहून मोकळी होते.

आत्या सगळं हाताने शिवते. आरीने भोक पाडायचं, दोन सुया, दोन्ही बाजूंनी एकाच भोकातून दोरा. पुढून जसा टाका तसाच मागून. लोक त्या टाक्यासाठीच येतात. वर्षभर मी तिच्या वर्कशॉपमध्ये चामडं कापते, घासते, कडा रंगवते. शिवायला बसले की ती म्हणते, "तुझा हात टाक्याचा नाही." बरं, नाही. म्हणून तर मशीन! मशीन आलं तर मला इथे काम आहे. नाही आलं तर एक एप्रिलपासून बाबांच्या मित्राचं ऑफिस — एसी, कॉम्प्युटर आणि दिवसभर दुसऱ्यांची बिलं टाईप करायची. बाबांनी हो सांगूनही टाकलंय. "एवढं इंग्लिश शिकून चामडं घासत बसणार?" हे त्यांचं वाक्य आता मला पाठ आहे.

आणि आत्याने आज अट घातली. "माझा टाका नि मशीनचा टाका शेजारी ठेव. मला नाही ओळखता आला, तर मशीन राहील, तूही राहा. ओळखला तर मुकाट्याने दादाचं ऐकून ऑफिसात जायचं."

काका (आत्याचे मिस्टर) म्हणाले, "मी पण बसू का परीक्षेला?"

"तुम्ही चहा ठेवा."

८ मार्च

सापडलं!! टेबलाऐवजी नळकांड्यासारखा हात असलेलं. पट्टा त्याच्याभोवती गुंडाळता येतो, छोटी पाकिटंही वळवता येतात. खालचे दाते घासून गुळगुळीत केलेले, ओरखडा नाही. चामडं दाबून धरणारा वरचा पाय चामड्याबरोबर चालतो, त्यामुळे थर सरकत नाहीत. मोटर नवीन पद्धतीची, आवाजच नाही — पायाने हळूच दाबलं की एकच टाका घालून थांबते. एक टाका! मी तिथेच वेड्यासारखी एक-एक टाका घालत बसले. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आमचं दुकान आठला बंद होतं."

ट्रायलवर द्यायला तयार झालाय. महिनाअखेरपर्यंत.

आत्याला सांगितलं. तिने मान वर न करता विचारलं, "भाकडकथा संपली का? मग त्या कडा घास."

११ मार्च

आज एक पट्टा परत आला. गिऱ्हाईक काही वाईट बोललं नाही, फक्त म्हणालं, "बाईंनीच शिवलाय ना?" आत्याचा चेहरा बघवत नव्हता. मग अर्थात खापर फुटलं माझ्यावर. चामडं मी ताणून कापलं. बल्ब मी चुकीचा लावला. दोरा मी आणला, तो पिळाचा नाही. काकांनी आपला चष्मा तिच्यापुढे सरकवला तर, "चष्मे म्हाताऱ्यांना लागतात."

काका म्हणाले, "हो, म्हणून तर मी तरुण दिसतो." कोणीच हसलं नाही.

कडा घासल्या. अंगठ्याची साल निघाली. कोणाला पडलीय.

१४ मार्च

मशीन आलं. दोघं हमाल जिन्यावरून शिव्या घालत घेऊन आले. फिटरने टेबलाची उंची विचारली, मी माझी सांगितली. माझ्या उंचीचं टेबल! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी माझ्या मापाचं.

दुपारी बघते तर मशीनवर आत्याचा जेवणाचा डबा.

"टेबलच आहे ना?" म्हणे.

१७ मार्च

आज सगळं संपलं खरं तर. कोणाला सांगणार, इथेच लिहिते.

पुढून टाका हुबेहूब येतो. तोच तिरकेपणा, तेच अंतर. दोन दिवस त्याच्या मागे होते — सुई बदल, दोरा बदल, ताण कमी कर, अर्धा पेच सैल कर. आला. पण मागून? मागून सपाट, सरळ, ठिपक्यांची रांग. फिटरला फोन केला. तो म्हणाला, "मशीन वरचा दोरा खाली ढकलतं आणि खालच्या दोऱ्यात अडकवतं. मागून हाताच्या टाक्यासारखं कधीच दिसणार नाही. कुठलंही मशीन घ्या."

इतक्या दुकानांत फिरले, इतके व्हिडिओ बघितले, ओरखडे बघायला प्रत्येक तुकडा उलटला — आणि मागचा टाका कसा पडलाय ते बघितलंच नाही! समोर होता. मी ओरखडे बघत होते.

आणि आत्या? ती वस्तू हातात आली की आधी उलटते. बिस्किटाचा पुडासुद्धा उलटून बघते. काका म्हणतात, "मलाही लग्नाआधी मागून बघून घेतलं होतं." म्हणजे माझा निकाल लागलाच. तरी परीक्षा द्यायची. द्यायचीच.

२० मार्च

परीक्षेसाठी आत्याकडून ताजी पट्टी मागितली. तिने मुद्दाम माझ्यासमोर बसून शिवली, मला टोमणे मारत. "ही बघ, वीज लागत नाही. मोटर लागत नाही. मॅन्युअल वाचावं लागत नाही." शिवली आणि माझ्याकडे फेकली. स्वतःचं काम ती पुन्हा हातात घेत नाही. दुसऱ्याचं मात्र नख फिरवून तपासते.

घरी आणून उजेडात धरली.

वाकडी आहे. थोडी नाही, चांगलीच. आरीची भोकं सापासारखी वर-खाली गेलीत. एक टाका आवळलेला, पुढचा लोंबतोय.

आधी बरं वाटलं. खोटं का लिहू? वर्षभर "तुझा हात टाक्याचा नाही" ऐकलंय. मग लक्षात आलं. मी मशीनला आत्यासारखं शिवायला लावत बसले आणि आत्याच आत्यासारखी शिवत नाहीये. आणि हे तिला माहीत नाही.

काकांना बाहेर गाठून दाखवली. त्यांनी बराच वेळ बघितली, मग कात्री घेऊन तिच्या कोपऱ्याला बारीकशी खाच पाडली. "ही हातची. आपल्याला कळायला." 

२२ मार्च

झाली परीक्षा.

दोन पट्ट्या टेबलावर. काकांनी ठेवल्या. आत्या ऐटीत बसली, बाह्या वर करून. मी तिच्या बोटांकडे बघत होते — आता उलटेल, आता उलटेल.

तिने पहिलीवर नख फिरवलं. मशीनची. सुर्रकन गेलं. दुसरीवर फिरवलं. नख अडकलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा अडकलं. आणि हसायला लागली.

"ओळखायला उलटायचीसुद्धा गरज नाही," म्हणाली. गुळगुळीत पट्टी उचलली. "हा माझा टाका." वाकडी माझ्यापुढे सरकवली. "आणि हे तुमचे महाराज. दारू पिऊन शिवतंय काय? दुकानात परत देऊन ये त्याला. पोर पण हुशार आणि मशीन पण हुशार, टाका मात्र कोणालाच येईना."

खाच माझ्याच बाजूला होती. काका माझ्याकडे बघत होते. एक वाक्य — एकच वाक्य बोलायचं होतं. मशीन राहिलं असतं, मी राहिले असते.

मी म्हटलं, "हो. तुझाच आहे."

२३ मार्च

काका जिन्यात भेटले. म्हणाले, "मी तरी काय बोलणार होतो?"  मी गप्प राहणार हे प्रत्येकाने धरूनच ठेवलेलं. माझा त्याग-बिग काही नाही हा, नुसती चिडचिड आहे. डोकं दुखतंय.

बाबांचा फोन — ऑफिसला काळी पँट लागते. शिवायची म्हणे. शिंप्याकडे टाकू की रेडीमेड घेऊ?

२४ मार्च

दुकानदाराला फोन केला, मशीन घेऊन जा. "काय झालं मॅडम, टाका नाही आवडला?" खूप आवडला. इतका आवडला की आमच्याकडच्या माणसाने तो आपलाच म्हणून घेतला. असं बोलले नाही. म्हटलं, जागा नाही.

उद्या दुपारी गाडी येणार. सकाळी जाऊन टेबल पुसून ठेवते. डब्याचा तेलकट डाग आहे वर.

२५ मार्च

वर्कशॉपचं दार उघडंच होतं. टेबलावर दोन्ही पट्ट्या. दोन्ही उलट्या.

आत्या मशीनसमोर, माझ्या स्टुलावर, नाकावर काकांचा चष्मा. वळून बघितलं नाही.

"याच्या सुईचं भोक बारीक आहे," म्हणाली. "ओवून दे. आणि गाडीवाल्याला नको म्हणून सांग. दादाला मी सांगते."