धाकट्याला घेऊन आले

आई,

धाकट्याला मी घरी घेऊन आले. कृष्णेत सोडला. हे तुला कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारं आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही. तू गेलीस तेव्हा तो शाळेत होता. पुढं सांगलीच्या आयटीआयला वेल्डिंग शिकला, पुण्याच्या कारखान्यात लागला, आणि त्या कारखान्यानं त्याला जर्मनीला धाडलं. तिथंच राहिला. लग्न केलं, ते टिकलं नाही. अधूनमधून यायचा, आष्ट्याच्या बाजारात माझ्याबरोबर पिशवी घेऊन हिंडायचा आणि परत जायचा. गेल्या वर्षी त्याच्या पोटात गाठ निघाली. मला त्यानं ते लय उशिरा सांगितलं. सांगितलं तेसुद्धा असं की, जणू मोटार बिघडली आहे. मी म्हटलं, मी येते. तो म्हणाला, "आक्का, तू सांगलीला जायाचं म्हटलं तर दोनदा इचारतीस." पण त्यानं नको म्हटलं नाही, आणि तेव्हाच मला कळलं.

व्हिसाचे कागद त्याच्या कारखान्यातल्या सोबत्यानं पाठवले. तो केरळचा, त्याला आपली भाषा येत नाही, पण तोडक्या हिंदीत आमचं भागत होतं. तुझ्या जावयांचे गुडघे गेलेत, त्यामुळं मी एकटीच निघाले. जन्म अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात गेला, विमान आभाळात बघितलं तेवढंच. धाकट्यानं दवाखान्याच्या खाटेवरून फोनवर आवाज भरून पाठवायला सुरुवात केली. एका ठिकाणाचा एक निरोप. मी स्वयंपाकघरात चटणी कुटत असायची आणि फोन कट्ट्यावर बोलत असायचा. "आक्का, आयक. काळ्या बॅगा लय आसत्यात. तुझ्या बॅगंला लाल चिंधी बांध." मग दुसरा. "मधल्या गावात इमान बदलायचं हाय. उतरलीस की गर्दीच्या मागं जाऊ नगंस. निम्मी गर्दी तिथंच ऱ्हाणारी आसती. तुला फुडं जायाचं हाय. इमानाचं चित्र काढल्याली पाटी बघायची आन् तिकडं चालायचं." मध्येच त्याला धाप लागायची. धाप लागली तरी तो निरोप पुसायचा नाही, तसाच पाठवायचा. "पासपोर्टवाला इचारील, कशाला आलाय. मनायचं, ब्रदर, हॉस्पिटल. एवढंच. जादा बोलू नगंस, तुला जादा बोलायची सवय हाय."

त्या मधल्या विमानतळावर मी उतरले तेव्हा मला तूच आठवलीस. बाबा पलटणीत, आणि तू आम्हा दोघांना घेऊन म्हसवडला माहेरी निघालेली. कराडला एक गाडी बदलायची, दहिवडीला दुसरी. तुला पाट्या वाचता यायच्या नाहीत. धाकटा तुझ्या कडेवर, गाठोडं माझ्या डोक्यावर, आणि तू फलाटावर दिसेल त्याला विचारतेस, "आवं, दहिवडीची गाडी हीच का?" एकानं हो म्हटलं तरी दुसऱ्याला विचारतेस. मी नुकती वाचायला शिकलेली, मला लाज वाटते. मी म्हणते, आई, मी वाचलंय ना. तू वळून म्हणतेस, "तू वाचलंस ते बराबर आसंल. पर गाडी चुकली तर रात काढायची कुठं? लाजून पोट भरतंय व्हय?" एवढंच बोलून तू परत तिसऱ्याला विचारतेस. मीही तिथं तसंच केलं. पाटी दिसत होती, चित्र दिसत होतं, तरी झाडू मारणाऱ्याला तिकीट दाखवलं, मग एका बुरख्यातल्या बाईला दाखवलं. दोघांनी एकाच दिशेला हात केला तेव्हा चालू लागले. विमान मिळालं.

जर्मनीत पासपोर्टवाल्यानं विचारलं, मी धाकट्यानं शिकवल्याप्रमाणं सांगितलं. त्यानं माझ्याकडं एकवार बघितलं आणि शिक्का मारला. बॅग लाल चिंधीसकट आली. वाटलं, सुटले. पण दारातून बाहेर पडता पडता कस्टमच्या एका बाईनं हात करून बाजूला घेतलं आणि बॅग उघडायला लावली. चटणी तिनं हुंगून बघितली आणि ठेवून दिली. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र बाहेर काढले. धाकट्यानं ते मागितले होते, मी मुद्दाम साताऱ्याहून ताजे मागवले होते. बाई म्हणाली, मिल्क, नो. मी पुन्हा ब्रदर, हॉस्पिटल म्हटलं. माझ्याजवळ तेवढेच शब्द होते. तिनं मान हलवली, रागानं नाही, आणि पुडा कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी तिथं उभी राहून तो डबा बघत राहिले. बाहेर तो केरळचा सोबती फुलं घेऊन उभा होता आणि त्याला वाटलं, मी प्रवासानं रडतेय.

धाकटा एवढासा झाला होता, आई. म्हसवडच्या गाडीत तुझ्या मांडीवर झोपायचा तेव्हा जेवढी जागा अडवायचा, तेवढीच खाटेवर अडवत होता. पेढ्यांचं सांगितलं तर तो हसला. "आगं, दुधाचं चालत न्हाई. तेवढंच सांगायचं ऱ्हायलं बघ." मी चटणी बोटावर घेऊन त्याच्या जिभेला लावली. गिळवत नव्हतं, पण त्यानं ती बराच वेळ तोंडात धरली. मग म्हणाला, "आईच्या हातची वाटती." वाटत नव्हती. माझ्या हाताला ती चव कधी आली नाही. पण त्यानं म्हटलं.

मी रोज जाऊन बसायची. तो जागा असला की गावाचं विचारायचा, कुणाचा ऊस गेला, कुणाची म्हातारी आहे का अजून. एका दुपारी एकदम म्हणाला, "आक्का, परतीचं तुला सांगितलं न्हाई." मी म्हटलं, राहू दे, मी कुठं निघालेय. तर म्हणाला, "न्हाई, आयक. जाताना समदं उलटं. आदी मोठी बॅग द्यायची. मग तपासणी..." तिथं थांबला. डोळे मिटले. "बाकीचं उद्या सांगतो." दुसऱ्या दिवशी तो बोलला नाही. नर्सनं मला खुर्ची जवळ ओढून दिली. दुपार होती. खिडकीबाहेर कुणीतरी गवत कापत होतं.

तिथल्या रीतीनं सगळं व्हायला दिवस लागले. दहन झालं, मग एक दाखला, मग दुसरा, मग आपल्या वकिलातीचं पत्र. सोबती रजा काढून माझ्याबरोबर हिंडला. शेवटी त्यांनी धाकट्याला एका झाकणबंद डब्यात घालून माझ्या हातात दिलं. विमानतळाच्या काचेपर्यंत सोबती आला, त्यापुढं त्याला येता येत नव्हतं. परतीची वाट मला कुणी सांगितलेली नव्हती.

मधल्या गावात पुन्हा तपासणी. पट्ट्यावरून डब्याची पिशवी आत गेली आणि यंत्र थांबलं. पिशवी मागं घेतली, पुन्हा घातली. मागं रांग वाढत होती, माझं पुढचं विमान लागलेलं होतं. तिथला माणूस इंग्रजीत विचारत राहिला आणि हात घालून डबा काढायला लागला. मी त्याचा हात धरला. आयुष्यात मी परक्या माणसाचा हात धरला नव्हता. म्हटलं, "आडवा मत करना. मेरा भाई है." त्याला समजलं नाही. पलीकडच्या पट्ट्यावर एक नेपाळी पोरगी काम करत होती, तिला समजलं. ती आली, माझे कागद बघितले, त्या माणसाला काहीतरी सांगितलं. मग तिनं स्वतः पिशवी उचलली, दोन्ही हातांनी, आणि मला म्हणाली, "दीदी, आइए." विमानाच्या दारापर्यंत ती माझ्या पुढं चालली. पिशवी तिनं मला तिथंच दिली. मी तिचं नावही विचारलं नाही.

मुंबईत कस्टमच्या साहेबांनी विचारलं, काय आणलंय. मी म्हटलं, "भावाची रक्षा." त्यांनी कागद वाचले, परत घडी घालून दिले आणि म्हणाले, "जा, बाई." कृष्णाकाठी तुझे जावई काठी टेकत आले होते. पाणी कमी होतं, त्यामुळं बरंच आत जावं लागलं.

हा कागद टपालात टाकायचा नाही. तुला पोचणार नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच पुढचं लिहिते. शेवटच्या विमानात मला खिडकी मिळाली होती. विमान वर चढेपर्यंत पिशवी खाली ठेवायला लावली, तेव्हा त्याला पाय लागू नये म्हणून मी पाय आखडून बसले. वर गेल्यावर मांडीवर घेतली. बाहेर ऊन होतं, खाली ढग कापसासारखे पसरलेले, आणि त्यांच्या फटीतून समुद्र दिसत होता. विमानातल्या पोरीनं चहा आणून दिला, तो मी सगळा प्याले. एवढं मोठं काही मी कधी बघितलं नव्हतं. आई, धाकटा मांडीवर होता आणि मला ते आवडलं. वाटलं, इतक्यात मुंबई येऊ नये. घरात हे कुणाला सांगितलं नाही.