तिघांच्या टेबलावर पाडव्याचं जेवण

प्रिय आई,

काका-काकूंना आत्ताच सेलूच्या गाडीत बसवून आले. खरकटी भांडी तशीच पडलीत. पडू दे! आधी तुला सांगते, म्हणजे मला मोकळं वाटेल. तू गेल्यानंतरची पहिली दिवाळी पार पडली ग, नीट पार पडली!

वैशाखात तू गेलीस तेव्हा रझाकारांच्या भीतीनं इथं पूर्णेत दिवसासुद्धा दारं बंद असायची. अण्णा रेल्वेत गार्डाच्या ड्युटीवर, दूर कुठंतरी. मी वैद्याच्या दाराशी हाका मारत होते आणि तो दार उघडत नव्हता. परतले तर शेजारची जैनबखाला तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. तुला शेवटचं पाणी तिनंच पाजलं. आई, जरा कळ काढायची होतीस! भादव्यात हिंदुस्थानची फौज आली आणि आमची भीती गेली. एवढी कसली घाई झाली होती तुला?

आमची गेली, पण खालाची सुरू झाली. लोक तिच्या दाराकडं बघून थुंकायला लागले. तिचे रहीमसाब इंजिनावर फायरमन, सिकंदराबादेकडं गेलेले, त्यांची काही खबर नाही. मी भाकरी घेऊन गेले की खाला दार बोटभर उघडायची. "हौ, हौ, खाती मैं," म्हणायची आणि पुन्हा कडी.

आणि धनत्रयोदशीला रहीमसाब आले! पाय सुजलेला, दाढी वाढलेली, पण जिवंत. भिंतीपलीकडून खालाचं रडणं ऐकू आलं, मी पिठाच्या हातांनी तशीच धावले. अण्णा एवढंच म्हणाले, "पाडव्याला दोघांना जेवायला बोलव."

आता गंमत ऐक. पाडव्याच्या सकाळी हिंगोलीच्या गाडीतून कोण उतरलं? आपले काका! काकू, दोन्ही लेकरं आणि ढीगभर गाठोडी. रझाकारांनी वालूरचं दुकान जाळलं तेव्हापासून ते वऱ्हाडात, वाशिमच्या छावणीत होते ना? आता सेलूवरून गावी परत निघालेत. सगळे सुखरूप! काकांना पाहून अण्णा लहान पोरासारखे हसले. मी डाळीत आणखी डाळ टाकली आणि पुरण घोटायला बसले.

पण बसवायचं कुठं? खोलीभर गाठोडी. रहीमसाबांना मांडी घालता येईना, म्हणून भुईवरची पंगत नको. उरलं आपलं टेबल, आधीच्या गोऱ्या ड्रायव्हरनं क्वार्टरात टाकून दिलेलं. तुझे गुडघे धरले म्हणून अण्णांनी तुला त्यावर जेवायला बसवलं आणि तू एकटी नको म्हणून आम्हीही वर बसायला लागलो. तिघांचंच टेबल ते! एका बाजूला खाट ओढली, दुसरीकडं अण्णांची गार्डाची पेटी ठेवली. लेकरांना खिडकीत बसवलं, ताटं त्यांच्या मांडीवर.

काका लिंगपूजा आटोपून आले. खाटेवर रहीमसाब बसलेले, शेजारी खाला. काकांचा चेहराच बदलला.

"दादा, हे काय चाललंय? ज्यांनी माझं दुकान जाळलं, त्यांच्या पंगतीला मी बसू?"

"यांनी न्हाई जाळलं," अण्णा म्हणाले.

"सगळे एकच की!"

खाला उठली. "हम जाते, गिरजा." रहीमसाब सुजलेला पाय टेबलाखालून ओढायला लागले. आई, तेव्हा तू हवी होतीस!

आणि बोललं कोण? काकू! थोरल्या दिरासमोर जिचा आवाज कधी कुणी ऐकला नाही, ती.

"छावणीत आपण कुणाकुणाच्या हातचं खाल्लं, तवा न्हाई इचारलं तुमी. आता पोळी दिसली अन् धरम आठवला का?"

मग ती खालाजवळ गेली. "सरका जरा, बाई. मला बी बसू द्या."

काका तरातरा ओसरीवर निघून गेले. कुणी घास घेईना, लेकरंसुद्धा नाही. मी त्यांच्या मागं गेले. म्हटलं, "काका, आईला शेवटचं पाणी खालानं पाजलं."

त्यांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. कोण सांगणार? तू गेल्याचा निरोपच किती उशिरा पोचला. लहानपणी तूच न्हाऊ-माखू घातलेलं ना त्यांना?

काकांनी विचारलं, "लय तरास झाला का वहिनीला?"

"खाला म्हणती, झोपल्यावाणी गेली."

उपरण्यानं तोंड पुसून ते आत आले आणि गार्डाच्या पेटीवर बसले. कुणाचं कोपर कुणाच्या ताटात जात होतं. तूप वाढायला मला खाट ओलांडून जावं लागलं! काका आपणहून रहीमसाबांशी बोलले नाहीत, तुला खोटं कशाला सांगू? पण रहीमसाब म्हणाले, "सेलूकी गाडीमें भीड़ है. ड्रायव्हर मेरा दोस्त है, मैं बिठा देता." तेव्हा काकांनी भज्यांचं ताट त्यांच्याकडं सरकवलं. "घ्या," म्हणाले. तेवढंच. मला तेवढं पुरलं.

स्टेशनवर गाडी हलली तशी काकू खिडकीतून खालाला म्हणाली, "वालूरला या. आमच्याकडं टेबल न्हाई, छप्पर बी न्हाई, भुईवर बसावं लागंल."

खाला गाडीबरोबर चालत होती. म्हणाली, "भुईवर तो लय जगा रहती!"

संक्रांतीला मी तिला घेऊन वालूरला जाईन, आई. काका दारात उभे राहून काय म्हणतील ते म्हणोत, मी तिचा हात सोडणार नाही.

तुझी,
गिरजा