व्रणाच्या कडेचा फोड

४ मार्च, मंगळवार
आधी किरणं देऊन कातडी करपवली, आता वरून शेकणार म्हणे! हिच्या छातीवर ऑपरेशनच्या व्रणाशेजारी गाठ परत आली. उष्णतेने गाठ कमजोर पडते, मग किरणं तिला नीट लागतात — असं डॉक्टर म्हणाला. मी विचारलं, "आणि बाजूची चांगली कातडी?" तर म्हणतो, "तिला सहसा काही होत नाही, आजोबा." सहसा! छप्पर सहसा पडत नाही, असं सांगून कोणी घर विकतं का?

छातीवर पाण्याची पिशवी, तिच्यावर मशीन, कातडीवर ताप मोजणाऱ्या बारीक तारा. मी उशाशी स्टुलावर. थोड्या वेळाने ही "स्स" म्हणाली. मी ताडकन उठलो — "बंद करा! माणूस आहे की कणीस?" मशीनवालीने बंद केलं. मग मी परत सुरूच करू दिलं नाही. आजचा शेक वाया गेला म्हणे. जाऊ दे!

७ मार्च, शुक्रवार
आज पूर्ण तास पार पडला. मशीनवाली सारखी विचारत होती, "आजी, चटका बसतोय का कुठे? बसला की लगेच सांगा हं, तेवढ्या जागेची उष्णता कमी करते." हिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही गं, बरं वाटतंय."
बघा! मी आवाज चढवला तेव्हा कुठे मशीन नीट चालवायला लागले.

८ मार्च
फोड! लिंबाएवढा, व्रणाच्या कडेला. आत पाणी भरलंय. सूनबाईने मलम लावलं. मला जवळही येऊ दिलं नाही.

११ मार्च, मंगळवार
डॉक्टरला धारेवर धरलं. मी सातवी पास, पण भाजलेलं ओळखायला डिग्री लागत नाही. तो म्हणाला, "धडधाकट जागेत रक्त खेळतं, ते उष्णता वाहून नेतं. जुन्या व्रणापाशी रक्त कमी फिरतं, तिथे ती साठते. तारा सगळीकडे पुरत नाहीत. म्हणून पेशंटने सांगायला हवं."
म्हणजे चूक हिची! मशीन यांचं, वीज यांची, आणि चूक हिची!
थोरला माझी बाही ओढत होता — "बाबा, हळू बोला, लोक बघतायत." बघू देत!
फोड भरेपर्यंत शेक बंद. पुन्हा भाजलं तर कायमचा बंद. "मग गाठ?" मी विचारलं. डॉक्टरने चिठ्ठीवर पंचवीस तारीख लिहून दिली.

१२ मार्च
म्हणे सांगितलं नाही! चप्पल चावली तरी मला चार दिवस ऐकवणारी बाई ही. भाजलं तर गप्प बसेल?

१८ मार्च
फोड सुकतोय. कातडी लाल, बोट लावू देत नाही. गाठ तेवढीच आहे की वाढली? मला मोठीच वाटते. सूनबाई म्हणते, "बाबा, दर तासाला बघून ती काय लाजून आत जाणारे?" हिला हसू फुटलं. मला नाही.

२५ मार्च, मंगळवार
तपासायला नेलं. शुक्रवारपासून पुन्हा शेक. जिन्यात मशीनवाली भेटली. मी सोडलं नाही — "तुझ्या आईला असं भाजलं असतंस का गं?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. येऊ दे! हिने मात्र माझा हात सोडला आणि कठडा धरून एकटीच जिना उतरली.

२८ मार्च, शुक्रवार
स्टूल आणखी जवळ ओढून बसलो. मशीन सुरू होणार तेवढ्यात ही म्हणाली, "थांब गं पोरी. आधी यांना बाहेर पाठव. मग कुठे भाजतंय ते सांगते."
बाहेर बाकावर बसलो. बंद दारातून हिचा आवाज येत होता, चांगला खणखणीत — "इथे! इथे चटका बसतोय! कमी कर!"
मी उठलो नाही.