दिलेल्या गाडीचा क्रमांक

बुधवार, दि. १४ डिसेंबर

चि. सौ. ठकूस,

अनेक उत्तम आशीर्वाद. तुझे पत्र परवा पोहोचले. आम्ही उभयता ठीक आहोत. थंडीत तुझ्या वहिनीची कंबर कुरकुरते, पण जीभ अजून निरोगी आहे. अंगणातल्या पेरूला यंदा फळ बेताचे, त्यातलेही अर्धे पोपटांनी आपला वाटा म्हणून नेले. दारात एक जुनी स्कूटर आली आहे. तिच्याविषयी पुढे लिहितो.

माझ्या प्रवचनात अलीकडे दानाचे प्रकरण लावले होते. दिलेल्या वस्तूकडे जो मागे वळून पाहतो त्याने ती दिलीच नाही, हे मी कित्येक आठवडे निरनिराळ्या दृष्टान्तांनी सांगत होतो. श्रोते माना डोलावत होते.

तुझ्या यजमानांचे वाचून जीव कासावीस झाला. उपचारांच्या दिवशीच पोलिसांनी मी दिलेली गाडी अडवावी, परराज्याचा क्रमांक आणि नव्या नोंदणीची उलटलेली मुदत पाहून ती चौकीत ओढून न्यावी, आणि तू त्या अशक्त माणसाला एका शिंप्याच्या पायरीवर बसवून रिक्षा शोधत फिरावीस, ही वेळ तुझ्यावर यायला नको होती. त्यात त्यांचा त्या दिवशीचा उपचार हुकला आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. वाचताना तुझी वहिनी रडली. मी चष्मा पुसत राहिलो.

पण माझ्याने वाचवल्या नाहीत त्या तुझ्या पुढच्या ओळी. तू लिहितेस, "त्या कारकुनाला देव बघून घेईल, दादा. पण तू आता कचेरीत खेटे घालू नकोस. तुझे गुडघे आधीच काय ते आहेत."

ठकू, मी त्या कचेरीची पायरी एकदाही चढलो नव्हतो.

गाडी तुला दिली ती मनापासून दिली, एवढे तरी खरे मान. तुझ्या राज्यात, तुझ्या नावावर तिची नोंद व्हायची तर इथल्या वाहन कचेरीचा ना-हरकत दाखला लागतो, आणि त्याचा अर्ज मालक म्हणून मीच करायचा, हे मला ठाऊक होते. मात्र गाडीची नोंद दुसऱ्या राज्यात गेली की तिचा इथला क्रमांक संपतो आणि तिकडे नवा मिळतो, हे मला गाडी तुझ्या दारी पोहोचल्यावर कळले.

तीन शून्ये आणि एक. निवृत्तीनंतर गाडी घेतली तेव्हा मुद्दाम अर्ज करून, वाट पाहून मी तो क्रमांक मिळवला होता. श्रोत्यांना सांगत असे, त्या एकमेवाचे स्मरण राहावे म्हणून घेतला. खरे कारण असे की ती पाटी दुरून दिसताच सभागृहाचा रखवालदार मोठे फाटक उघडी आणि लोक म्हणत, "एक नंबर आले." ते कानांना गोड लागे. गाडी गेल्यापासून मी चालत जातो, आणि तोच रखवालदार मला बाजूच्या दाराने यायला सांगतो.

क्रमांक आपल्याच दुसऱ्या वाहनावर चढवून घेता येतो, असे एका दलालाने सुचवले. मग मी तसे वाहन शोधू लागलो आणि तुला कळवत राहिलो की कारकून दाद देत नाही. पहिल्या पत्रात ते सहज लिहून गेलो. दुसऱ्यात त्याला मिशा दिल्या, तिसऱ्यात तुसडेपणा आणि जेवणाची लांबलचक सुट्टी. मी कधी न पाहिलेल्या माणसाला तू देवाच्या हवाली केलेस, आणि मी करू दिले.

अखेर ही स्कूटर मिळाली. मला ती चालवता येत नाही. तुझ्या वहिनीने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारले, "हिच्यावर बसणार कोण? तुम्ही, का नुसता नंबर?" मी हसण्यावारी नेले. परवा तुझे पत्र वाचून झाल्यावर तिला सगळे सांगितले, तेव्हा मात्र ती संध्याकाळपर्यंत काही बोलली नाही. तिला तू ओळखतेस, त्यावरून काय ते समज. दिवे लागल्यावर म्हणाली, "आधी कचेरीत जा. मग देवासमोर बसा."

काल गेलो. खिडकीत एक तरुण बाई होती. मला उभे राहणे जड जाते हे पाहून तिने आतून खुर्ची मागवली. कागद चाळून म्हणाली, "आजोबा, नंबर ठेवायचाय का? दुसरी गाडी असेल तर ठेवता येतो."

इतके सारे घडल्यावरही मी गप्प राहिलो, ठकू. हे तुला कळायलाच हवे. तुझे यजमान अंथरुणाला खिळलेले, आणि मी त्या खुर्चीत बसून विचार करत होतो. मागच्या माणसाने घसा खाकरला तेव्हा तोंडून निघाले, "नको. जाऊ द्या."

आज सकाळी दाखला हातात पडला. एवढेच काम होते.

तो सोबत जोडला आहे. स्वतः घेऊन येणार होतो. पण मी दारात दिसलो की तू आधी पाण्याचा तांब्या पुढे करशील, आणि रागवायचे राहून जाईल. म्हणून पत्र आधी. तू बोलावलेस तर येईन.

प्रवचन थांबवले आहे. श्रोत्यांनी कारण विचारले तेव्हा गुडघे पुढे करणार होतो, ते केले नाहीत. खरे कारणही अजून सांगितलेले नाही.

हे पत्र यजमानांना वाचून दाखव. आजारपणातही ते मला पाहून उठतात. ते थांबायला हवे.

आरंभी सवयीने आशीर्वाद लिहून गेलो. ते देण्याचा अधिकार वयाने आपोआप येतो, अशी माझी समजूत होती. मोठ्याने धाकट्यापुढे वाकू नये म्हणतात. तरी तुम्हा उभयतांस माझा नमस्कार.

ज्याला तू दादा म्हणत आलीस,
तो