आमच्या गल्लीतले लाल फोन

४ मार्च, सोमवार
रुग्णवाहिकेच्या फोनवर सकाळची पाळी. पहिलाच फोन — दारात बोट चेंगरलं, गाडी पाठवा! हिरवा. हिरवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे येतोय, लाल म्हणजे जवळची गाडी आत्ता निघाली. सगळ्या भागाला गाड्या सहा. लोकांना वाटतं रंग आम्ही ठरवतो. आम्ही फक्त पडद्यावरचे प्रश्न ओळीने विचारतो आणि सांगतील ते भरतो.

६ मार्च, बुधवार
आठवड्यात आमच्याच गल्लीतून चार लाल. चौघांनाही छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ, दरदरून घाम — शब्दन् शब्द तोच. गाडी पोचली तर एकाचा गुडघा! बाकी तिघांचंही तसलंच काहीतरी. शेजारच्या खुर्चीवरचा मास्तर (आधी शाळेत शिकवायचा) म्हणाला, "तुमच्या गल्लीत कुणीतरी शिकवणी घेतंय."

७ मार्च
शिकवणी आमच्याच घरची! जेवताना मी कामाचं बोलते, आई ऐकते आणि जिन्यात बसून शेजारणींना सांगते. वर मलाच म्हणते, "अगं, गुडघा म्हटलं की तुम्ही दोन तास लावता. म्हाताऱ्या माणसांनी करायचं काय?"

माझं डोकंच फिरलं. सांगून टाकलं — त्या गुडघ्यापायी गाडी अडकली, आणि दम कोंडलेली एक बाई बावीस मिनिटं वाट बघत गेली. आई ताटावरून उठली. वाईट वाटलं. पण बोलायलाच हवं होतं.

१२ मार्च
गल्लीतून एकही लाल नाही. आई जिन्यात बसत नाही. माझ्याशीही कामापुरतंच.

१९ मार्च
आई इस्पितळात. वाचली.

तिचा फोन मास्तरने घेतला. त्या दिवशी मी दोन खुर्च्या सोडून होते, मला पत्ताच नाही. संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकलं.

"श्वास घेता येतोय?"
"येतोय की. बोलतेय ना मी."
"छातीत दुखतंय?"
"जबडा आखडलाय जरा. मळमळतंय. आधी ज्यांना जास्त गरज आहे, त्यांच्याकडे पाठवा."

पिवळा. गाडी पोचायला अठ्ठेचाळीस मिनिटं. डॉक्टर म्हणाले, झटका मोठा होता, थोडक्यात निभावलं. मास्तर माझ्यासमोर यायचं टाळतोय. त्याची काही चूक नाही. माझ्याही पडद्यावर पिवळाच आला असता.

२० मार्च
विचारलं, छाती दुखत नव्हती का? "दुखत होती गं. पण ते शब्द तोंडातून निघेनात. वाटलं, मीही खोटंच बोलतेय."

मी बाहेर जाऊन रडले.

२६ मार्च
आई घरी आली. मी फोनशेजारी कागद चिकटवला. छातीत दुखतंय, डाव्या हातात कळ, दरदरून घाम — माझ्या अक्षरात. तिने चष्मा लावून वाचला. "आणि नुसता पाय मुरगळला तर?"
तरी हेच म्हणायचं, म्हटलं.