राहतं घर, पाने आणि मिठाची बरणी

मी, काशीराम धाकू भाटकर, वय वर्षे सदुसष्ट, पूर्वी मिरकरवाडा बंदरात बोटींच्या इंजिनांचा मेस्त्री, सध्या घरी बसून, राहणार रत्नागिरी, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे, मला कोणी धमकावलेलं नाही आणि पोटात दारूचा थेंब नाही. बिघडलंय ते हृदय. डॉक्टर म्हणाले, जिना चढू नका, चिडू नका. जिना आमच्या घराला नाही, पण चिडण्यासारखे नातेवाईक आहेत. माझ्यामागे वाद नकोत म्हणून हे मृत्युपत्र मी स्वखुशीने, स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

कलम १. राहतं घर, मागची विहीर, हापूसची दोन झाडं आणि बँकेत जे काही शिल्लक असेल ते, ही सर्व माझी स्वकष्टाची मिळकत माझी पत्नी सौ. मैना हिला मिळावी. तिच्या हयातीत घर कोणी विकू नये. स्वयंपाकघरातली एकही वस्तू 'जरा नीट लावतो' म्हणून हलवू नये. मैनाला १९९८ पासून दिसत नाही. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. फळीवरची मिठाची बरणी गळ्यातल्या सुतळीने ओळखायची, तिखटाचा डबा त्यावरच्या रबराने, आणि आमसुलांना तर वासच पुरतो. पाहुण्यांनी डबा उचलला तर जिथला तिथे ठेवावा, नाहीतर उचलूच नये.

कलम २. माझे सर्व पाने, हातोड्या आणि पुली ओढायचा सांगाडा उमेर कमाल सोलकर याला द्यावा. तो माझ्या हाताखाली शिकला. नट जरा घट्ट बसला की पिळून तोडायची त्याची सवय मात्र त्याने सोडावी.

कलम ३. माझी भावजय मथुरा हिला माझ्याकडून काहीही नाही. मैनाचे डोळे गेले त्या वर्षी गौरीच्या जेवणात ती चारचौघींत म्हणाली, "आंधळीला चुलीकडं कशाला पाटवता? घर जाळंल एक दिवस." मैना मागच्या दारात भांडी घासत होती, तिने ऐकलं. माझ्या वर्षश्राद्धाला मथुराला आग्रहाने बोलवावं, मैनाच्या हातचं जेवू घालावं आणि दुसऱ्यांदा वाढल्याशिवाय उठू देऊ नये.

कलम ४. ज्या कलमासाठी हा कागद घेतला ते आता लिहितो. मथुरावर राग धरायचा मला हक्क नाही. ती बोलली, मी ते करून दाखवलं.

१९९९ साली शहरात आनंदीबाई नावाच्या बाई डोळे गेलेल्या बायकांना स्वयंपाक शिकवायच्या. त्या स्वतः जन्मांध. मी मैनाला रोज सोडायला जाई. तेल तापलं की नाही ते वर तळहात धरून कळतं. तांदळावर पाणी बोटाच्या पेराने मोजायचं. लसूण कच्चा, लाल आणि करपलेला, तिन्हीचा वास वेगळा. मीठ तळव्याच्या खळग्यात घ्यायचं, म्हणजे माप हातालाच कळतं. निघताना आनंदीबाई मला म्हणाल्या, "भाटकर, आता तिला चुकू द्या. चूक तिची तिला कळली पाहिजे." मी मान डोलावली. त्यांना ती दिसली नाही, आणि मी शब्द दिला नाही हे मला सोयीचं झालं.

पहिल्याच आठवड्यात आमटी जरा अळणी लागली. मैना करताना चव घेत नाही. देवाआधी उष्टं करायचं नाही, ही तिच्या आईची शिकवण. बांगड्याचा नैवेद्य कोणत्या देवाला, असं मी चिडवत असे. ती म्हणे, सवय ती सवय. तेव्हा टोप खाली उतरला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने आत जाई आणि गुपचूप मीठ टाकून ढवळी. जेवताना ती म्हणे, "आज खारट झाला वाटतं." दुसऱ्या दिवशी ती मीठ कमी घेई. मला ते आणखी अळणी लागे, मी आणखी टाकी. अशी वर्षं गेली. तिचा तळवा भरून मीठ असायचं, ते चिमटीवर आलं, आणि ते तिचं माप नव्हतं, माझ्या चोरीची वजाबाकी होती. मिठापाठोपाठ मी गॅस बारीक करू लागलो, करपायच्या आधी तवा सरकवू लागलो. इंजिन जरा खाकरलं की माझा हात पान्याकडे जातो, तसंच ते. ती हसून म्हणे, "परत तान लागली? इंजिनापेक्षा जास्त पानी पिता तुमी." हे सर्व मी काळजीपोटी केलं.

गेल्या शिमग्यात डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं आणि मी घाबरलो. माझ्यामागे हिचं कसं व्हायचं? तिला सवय व्हावी म्हणून मी हात आवरला, आणि त्यातही तिला एक शब्द सांगितला नाही. दुसऱ्या दिवसापासून आमटी अळणी, भात खाली लागलेला. ती हिंगाची डबी नाकाशी धरून रडली. सुनेला, वैष्णवीला, फोनवर म्हणाली, "माजा हात गेला गो. आता नाकपन गेला. मी तिकडंच येतंय." डोळे देवाने नेले. उरलेल्या नाकाहातावरचा तिचा विश्वास मी नेला. याची मला लाज वाटते, आणि लाज वाटूनही मी दोन महिने अळणी जेवत गप्प बसलो.

कलम ५. चि. हर्षद, तू आईला डोंबिवलीला न्यायला आणि घराला कुलूप लावायला निघाला आहेस. नेऊ नये. तिचं नाक शाबूत आहे, हातही शाबूत आहे. तुझ्या वाट्याला मी एकच काम ठेवतो: तिच्या हातचं जेवशील तेव्हा खारट, अळणी, करपलेलं, जे असेल ते तोंडावर सांगावं. टोपाला हात लावू नये. वैष्णवीलाही हेच.

कलम ६. इथवर लिहून कागद पेटीत ठेवणार होतो. पण मी मेल्यावर हा वाचला जाणार आणि मैना तोवर डोंबिवलीत नातवाच्या खोलीत बसलेली असणार, हे ध्यानात आलं. म्हणून काल तिला सगळा वाचून दाखवला. ती उठली, सुतळीवाली बरणी फळीवरून काढली आणि मांडीवर घेऊन बसून राहिली.

आज दुपारी तिने बांगड्याची आमटी केली. मी पडवीत बसून होतो, तहान लागली तरी उठलो नाही. पान वाढून ती समोर बसली. मी घास घेतला.

"खारट झालंय," मी म्हणालो.

"किती?"

"चांगलंच. घशाखाली जात नाही."

"बरां," ती म्हणाली. "उद्या बगतंय." आणि तिने स्वतः तीच आमटी भातावर घेऊन शेवटपर्यंत खाल्ली. हर्षदला फोन करून येऊ नको म्हणून तिनेच सांगितलं.

माफ केलंस का, असं मी विचारलं. "तुमच्या कागदात एक खोटा शबूद हाय," ती म्हणाली. "तो काडा, मग बगू."

दुरुस्ती: सौ. मैना हिच्या सांगण्यावरून कलम ४ मधला 'काळजीपोटी' हा शब्द रद्द समजावा आणि त्याजागी 'भरवसा नव्हता म्हणून' असं वाचावं. ही दुरुस्ती मला मान्य आहे.

ठिकाण: रत्नागिरी
दिनांक: २२ मे २००५

(सही) काशीराम धाकू भाटकर

भाटकर यांनी आमच्यासमोर सही केली व दुरुस्ती वाचून दाखवली. आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या.

साक्षीदार १: (सही) कमाल इब्राहिम सोलकर, मिरकरवाडा
साक्षीदार २: (सही) रघुनाथ सखाराम मयेकर, पाली