हबीबभाईंचा गाळा

जळगाव, ८ फेब्रुवारी २०२४

ती. नानांस कुंदाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हे पत्र. वकिली सोडली तरी धुळ्यात अजून लोक सल्ल्याला येतात म्हणे. मग बहिणीलाही एक द्या, फुकट.

आपल्या घराखालच्या गाळ्यातलं हबीबभाईंचं गादीचं दुकान गेल्या पावसाळ्यापासून बंद आहे. हात थरथरतात, म्हणून ते चोपड्याला लेकीकडे, तबस्सुमकडे राहतात. इकडे माझे गुडघे जिना चढू देत नाहीत आणि चूल तर गच्चीवर. हे गेल्यावर खापरावरचे पुरणाचे मांडे करून विकले, त्यांनीच मला उभं केलं, नाना. ते बंद पडले तर मी नुसती खिडकीत बसून राहीन, आणि तसं बसायची मला भीती वाटते. गाळा मिळाला तर चूल खाली येईल. जितेंद्र पुण्याहून म्हणतो, सरळ आपलं कुलूप लाव. लावू का?

वहिनींना नमस्कार. उत्तराला उशीर केलात तर आखाजीच्या सणाला मांडे नाहीत.

तुमची कुंदा

धुळे, १५ फेब्रुवारी

चि. कुंदास अ. उ. आ.

जितेंद्रला सांग, मामाने कान पिळलाय. कुलूप लावायचं नाही, वीज तोडायची नाही, सामानाला हात लावायचा नाही. कोर्टाच्या हुकमाशिवाय भाडेकरूला हलवता येत नाही, दुकान उघडं असो की बंद. भाडं वेळेवर येतं, तेव्हा थकबाकीचं कारण आपल्याला नाही. उरली दोन कारणं. सबळ कारण नसताना जागा सलग सहा महिने न वापरणं, किंवा मालकाची स्वतःची खरी गरज. गरज खरी असली तरी कोर्ट विचारतं, की गाळा न मिळून तुझे हाल जास्त, की जाऊन त्याचे.

आधी सांग, शटर शेवटचं कधी उघडलं? खरं लिही. खोटं बोलताना तू कान खाजवतेस, ते न्यायाधीशांनाही दिसेल.

आखाजीच्या ताटावर डोळा ठेवून असलेला,
नाना

जळगाव, २४ फेब्रुवारी

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

शटर कालच उघडलं, आणि मीच उघडलं. जाताना हबीबभाईंनी किल्ली माझ्याकडे दिली आणि दर शुक्रवारी आत लोबानचा धूप फिरवायला सांगितलं. दुकान बंद असलं तरी लोबान चुकू नये, असं त्यांच्या घरात आहे. मी एकही शुक्रवार चुकवलेला नाही.

लोबान फिरवून झाला की मी कापसाच्या ढिगाला टेकते. फटीतून ऊन येतं, त्यात तंतू तरंगत असतात, पिंजायचं यंत्र बंद असून मला त्याची घरघर ऐकू येते. मग डोळा लागतो. काल वाटलं, हे वरून चहासाठी हाक मारताहेत. मी "आले" म्हणालेसुद्धा. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर गेलं होतं आणि पदराला कापूस चिकटला होता.

माझ्या वेडेपणाने तुमचं एक कारण बुडालं का?

कुंदा

धुळे, २ मार्च

चि. कुंदास अ. उ. आ.

लोबान म्हणजे काही धंदा नव्हे. पण आजारपण हे सबळ कारण ठरतं, म्हणून तो रस्ता नको. तुझ्या गरजेवर जाऊ. सोबत नोटीस पाठवतो. सही कर आणि पोचपावतीच्या टपालाने धाड.

एक गोष्ट वकील म्हणून नाही, भाऊ म्हणून विचारतो. तुला गाळा हवा आहे, की तिथली झोप?

नाना

जळगाव, २० मार्च

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

दोन्ही हवंय, नाना. पण झोपेवर पोट भरत नाही आणि दिवसही जात नाही.

रागावू नका, टपालाआधी मी स्वतःच चोपड्याला जाऊन आले. ज्याच्या घरी सणाचं ताट जातं त्याला असा कागद पोस्टमनच्या हातून कसा द्यायचा? मांडे घेऊन गेले. उपाशीपोटी वाईट सांगू नये, म्हणून आधी जेवू घातलं, मग नोटीस वाचून दाखवली. तबस्सुमचा चेहरा उतरला. मी हात जोडून म्हटलं, तुम्ही मनाने सोडत असाल तर दावा नको, साधा कागद करू. हबीबभाईंनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "अक्का, बापाची जागा शे ती. माझ्या हाताने नाही सोडवणार. तुम्ही खुशाल दावा लावा. कोर्टाने काढलं तर काढलं म्हणेन. सोडलं म्हणावं लागणार नाही."

परत येताना बसमध्ये मला रडू आवरेना. आज नोटीस टपालानेही पाठवली.

कुंदा

धुळे, २८ मार्च

चि. कुंदास अ. उ. आ.

मांडे खाऊ घालून नोटीस वाचणारी पक्षकार मी जन्मात पाहिली नाही. दावा लावू. पण त्यांनी नुसतं "हो" म्हणून भागणार नाही. गरज खरी आहे आणि हाल तुझे जास्त आहेत, हे कोर्टाला दिसावं लागतं. धीर धर.

नाना

जळगाव, ११ जुलै २०२५

ती. नानांस शि. सा. न. वि. वि.

निकाल आपल्या बाजूने लागला. पुढच्या महिनाअखेर ताबा मिळेल. पण मला आनंद कसा करावा ते कळत नाही.

साक्षीला हबीबभाई तबस्सुमचा हात धरून कोर्टात आले. त्यांनी सांगितलं, की अक्कांची गरज खरी आहे, गुडघेही खरे आहेत. न्यायाधीश साहेबांनी विचारलं, गाळा गेला तर तुमची काय अडचण होईल? धंद्याची नाही, तो तर हातांनीच सोडला, असं ते म्हणाले. मग हळूच म्हणाले, "झोपेत रोज तिथेच जातो, साहेब. कापूस पिंजतो. आता कुठे जायचं, तेवढं सांगा." साहेब लिहायचे थांबले. मला उभं राहून दावा मागे घ्यावासा वाटला, पण गुडघ्यांनी उठू दिलं नाही.

बाहेर त्यांनी मलाही तेच विचारलं. काय सांगू त्यांना?

कुंदा

धुळे, १९ जुलै

चि. कुंदास अ. उ. आ.

तुझं पत्र तुझ्या वहिनीने वाचलं, मग मी वाचलं.

चूल मांड. जागा तू रीतीने मिळवली आहेस, मान खाली घालू नकोस. आणि हबीबभाईंना या वकिलाचा निरोप दे. हुकूमनाम्याची नक्कल मी अक्षर न् अक्षर वाचली. त्यात ताबा द्यायचा आहे तो जागेपणीचा. झोपेतल्या ताब्याबद्दल एक शब्द नाही. तो त्यांचाच राहिला, आणि तो काढून घेणारं कलम मला उभ्या वकिलीत कुठे सापडलेलं नाही.

तुझ्यावर जीव असलेला,
नाना